माळरानावर काम सुरू करणाऱ्यांसाठी, खानदेशातून

खानदेशात वन्यजीवांवर काम करायचं म्हटलं की पोरंपोरी थेट सातपुड्याची एसटी धरतात. 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला, 1884 नंतर पहिल्यांदाच. त्या एवढ्याशा पक्ष्याने सातपुड्याचं नाव जगभर नेलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यातल्या उघड्या टेकाडांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. खिडकीतून बघताना आपणच म्हणतो, "इथे काय आहे? नुसता माळ." मी पारोळ्याची, याच माळांवर काम करते. पावसाळा तोंडावर आला की एमएस्सीची मुलं फोन करतात: "ताई, गवतावर काम करू का? त्यात पुढे काही आहे का?" त्यांना तुटक तुटक सांगते ते इथे सलग लिहिते.

करा. पण घरच्यांना, गाईडला आणि स्वतःला आधी सांगून ठेवा की पहिलं वर्ष हाताला काही लागणार नाही. जंगलात निदान झाडावर नंबर घालता येतो. माळावर पहिले काही महिने तुम्हाला सगळं गवत सारखंच दिसेल, ते कणीस धरेपर्यंत ओळखू येणार नाही, आणि कणीस धरलं की ते गुरांनी खाल्लेलं असेल. हे ऐकून पाय मागे घेणार असाल तर आत्ताच घ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा मागे घेतलेला पाय जास्त महागात पडतो.

आपले माळ म्हणजे सव्हाना, मधे मधे झाडं असलेलं गवताळ रान. तिची व्याख्या तुम्ही वाचलेलीच असेल, ती पुन्हा सांगत नाही. आपल्याकडे पठारी भागात पाऊस साधारण 500 ते 750 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, उरलेले आठ महिने कोरडे. खाली काळा कातळ, वर वीतभर मुरूम. अशा जागी गवताचा सलग थर आणि त्यात विखुरलेले हिवर, हिंगण, बोर, पळस, अंजन. आग, चराई आणि कोरड या तिन्ही गोष्टी झाडांना दाटी करू देत नाहीत. 1973 मध्ये दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडले, त्यात दख्खनच्या पठारासकट आपण पवन्या आणि मारवेल या गवतांच्या गटात येतो. इतकं पक्कं असेल तर पुढचं समजेल.

आता मुख्य गोष्ट. यावर मी फार वेळ घेणार आहे, कारण नव्या माणसाचा घात इथेच होतो आणि कुणी आधी सांगत नाही.

अभ्यासाच्या जागा निवडायच्या असतात तेव्हा तुमच्यासमोर नकाशा येतो. बहुतेक वेळा तो पडीक जमिनींचा असतो. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने काढलेल्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये झुडपी जमीन, निकृष्ट कुरण, खडकाळ जमीन असे वर्ग आहेत. माणूस काय करतो? तालुक्यातले हे सगळे तुकडे एकत्र करतो, त्यांना "गवताळ प्रदेश" असं नाव देतो, संगणकाकडून वाटेल तिथे बिंदू टाकून घेतो आणि जीपीएस घेऊन निघतो. कागदावर हे अगदी शास्त्रीय दिसतं. माझ्या पहिल्या हंगामात आम्हाला जागांची यादी अशीच तयार होऊन आली होती. पावसाळाभर मोजमापं घेतली, आकडे मांडले, तर चराई जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या प्लॉटमध्ये काही फरकच निघेना. गाईड म्हणाले, नमुना वाढवा. नमुना वाढवून उपयोग नव्हता. त्या यादीतल्या किती तरी जागा माळ नव्हत्याच.

मग काय होत्या? नीट समजून घ्या. नकाशावर एकाच रंगात चार वेगवेगळ्या जमिनी झोपलेल्या असतात. एक, खरा जुना माळ, ज्यात नांगर कधीच गेला नाही. दोन, सोडून दिलेलं वावर, ज्यात आता गवत उगवलंय. तीन, तोडलेलं जंगल, जिथे सालई-धावड्याची खोडं अजून फुटतात. चार, तापी आणि तिच्या उपनद्यांच्या काठची घळींनी चिरलेली जमीन. एप्रिलच्या उपग्रह चित्रात हे चारही सारखेच पिवळट दिसतात. जमिनीवर मात्र यांचा एकमेकांशी संबंध नाही. चराईचा परिणाम मोजायला जाल तर तुम्ही प्रत्यक्षात नांगराचा परिणाम मोजून याल आणि त्याला चराईचं नाव द्याल. असे प्रबंध आहेत. त्यांवरून पुढे "चराई बंद करा" अशा शिफारशीही निघतात.

यातला दुसरा प्रकार सगळ्यात फसवा. सोडलेलं वावर सप्टेंबरात खऱ्या माळापेक्षा हिरवं दिसतं. फोटो तिथलाच छान येतो. म्हणून ओळख शिका, आणि ती पायी फिरून, उकिडवं बसून शिका.

आधी दगड बघा. जुन्या माळावर दगड अर्धे मातीत रुतलेले असतात आणि त्यांच्या फक्त वरच्या अंगाला करडं-पिवळं दगडफूल धरलेलं असतं. वावरातले दगड शेतकऱ्याने वेचून बांधाला रचलेले असतात. ज्या मैदानात मधे दगड नाहीत आणि कडेला सरळ रेषेत ढीग आहेत, तिथे नांगर चाललाय, मग वर कितीही गवत असो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जुने बांध आणि सऱ्या उठून दिसतात, दुपारी दिसत नाहीत. मग गवताच्या बुडाशी हात घाला. पवन्या, डोंगरी गवत यांचे बहुवर्षायू ठोंब बुडाशी घट्ट असतात, मधलं जुनं मेलेलं आणि भोवती कड्यासारखं नवं फुटलेलं. असा ठोंब एका पावसाळ्यात होत नाही. वावरात बहुतेक ॲरिस्टिडासारखी एकवर्षायू गवतं, ती मुळासकट सहज हातात येतात. काळ्या मातीचं वावर असेल तर कुंदा आणि हरळी, शिवाय गाजरगवत आणि तरोटा. तिसरी खूण जमिनीखालची. पहिल्या पावसानंतर जुन्या माळावर रानकांदा, मुसळी अशा कंदवाल्या वनस्पती गवताच्याही आधी डोकं काढतात. नांगर एकदा फिरला की त्या जातात, आणि सहजासहजी परत येत नाहीत.

"सहजासहजी" हे मी मोघम म्हणत नाही. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी 2020 मध्ये जगभरातल्या गवताळ प्रदेशांची माहिती एकत्र करून दाखवलं की मोडलेल्या माळावर पुन्हा गवत आलं तरी मूळची वनस्पतिविविधता परतायला किमान शंभर वर्षं लागतात, बहुधा त्याहून कितीतरी जास्त. म्हणून जुना माळ आणि नवा गवताळ तुकडा एकाच तक्त्यात घालणं ही बारीकशी चूक समजू नका. अख्खा अभ्यास तिथे कोसळतो.

आणि शेवटची खूण म्हणजे माणूस. साक्रीच्या बाजूला एका ठेलारी (इकडचे भटके मेंढपाळ) बाबांना मी दोन जागा दाखवल्या होत्या. दोन्हीकडे गवत गुडघ्याएवढं. पहिल्या जागेवर ते म्हणाले, "आठे नांगर चालनाच नही." दुसऱ्या जागेवर मेंढ्या पुढे हाकत, न थांबता म्हणाले, "हाई वावर व्हतं. बहात्तरना दुष्काळमा पडित पडनं." तलाठी कार्यालयात जुने सातबारे बघितले, तर बाबा बरोबर होते. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी मेंढपाळ, मग सातबारा आणि फेरफार, मग जुने टोपोशीट (भूमापनाचे तपशीलवार नकाशे), आणि सगळ्यात शेवटी उपग्रह. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, कारण उपग्रह खोलीत बसून बघता येतो.

नकाशे सगळेच टाकाऊ आहेत असं नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे माळ, झुडपी रान अशा जमिनींचा, नकाशा केला आहे. त्यात अशा जमिनी सुमारे 3 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याएवढ्या भरतात. सुरुवात त्यावरून करा. पण तुमच्या तालुक्यातला प्रत्येक तुकडा पायाखालून गेल्याशिवाय प्लॉटची खुंटी ठोकू नका.

हे सगळं वाचून धास्ती बसली असेल तर थोडं थांबा. ही ओळख पटायला एक पावसाळा पुरतो. डोळा एकदा बसला की चालत्या एसटीतूनही वावर आणि माळ वेगळे दिसायला लागतात, आणि ते कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

तुम्हाला तोंडी परीक्षेत हमखास एक प्रश्न येईल: "पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, ते तुटलं म्हणून माळ झाला ना?" याचं उत्तर तयार ठेवा आणि ते आपल्याच मातीतलं द्या. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेलं कवच सापडलं, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचं. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला पळायला उघडं रान लागतं. आज जिथे गौताळ्याच्या पायथ्याला आपण सहलीला जातो, तिथे तेव्हा शहामृगं चरत होती. दक्षिण आशियात सव्हानाची गवतं सुमारे 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी पसरली, म्हणजे माणसाच्या हातात कुऱ्हाड येण्याच्या खूप आधी. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये जुन्या मराठी लोकगीतांतले, आख्यायिकांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तर त्यातही बहुतांश सव्हानाच्याच वनस्पती निघाल्या. तो अभ्यास पश्चिम महाराष्ट्रापुरता आहे, खानदेशच्या अहिराणी गाण्यांवर असं काम व्हायचं बाकी आहे. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, मी आनंदाने मदत करेन. मात्र खानदेशात कुठेच जंगल तुटलं नाही, असंही म्हणू नका. तुटलंय, भरपूर. प्रत्येक जागेचा इतिहास वेगळा काढावा लागतो.

या गैरसमजाची किंमत माळ भरतो. पडीक म्हटलं की कुणाला तरी ते "सुधारायचं" असतं. मग सलग समतल चर खणतात, ठोंब उखडले जातात, चराच्या काठाला ग्लिरिसिडियाची झाडं लावतात. हेतू चांगला असतो, लोक घाम गाळतात, त्यांच्याशी भांडू नका. तुमच्या प्लॉटमधली गवतांची यादी दाखवा, गुरांना कुठलं लागतं ते सांगा, आणि चर उघड्या घळीकडे न्यायची विनंती करा. ग्रामसभेत चाऱ्याची भाषा कळते, जैवविविधतेची कळत नाही. सौर आणि पवन प्रकल्पांचंही तसंच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा सौर प्रकल्प तुम्ही पाहिलेच असतील. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत सौर आणि पवनऊर्जा येत नाही. त्यामुळे अशा जागांची आधीची नोंद कुणी केली नसेल तर ती मागाहून कुठेच मिळत नाही. साधी यादी, तारीख आणि स्थानबिंदू एवढं जरी तुम्ही ठेवलंत तरी त्याचं मोल आहे.

गवत ओळखण्याबद्दल माझं मत कडक आहे. मोबाइलच्या ॲपवर गवत ओळखू नका. पक्ष्यांना, फुलांना ॲप चालतं, गवताला ते पाठ फिरवतं. दहापट भिंग घ्या, वर्तमानपत्रात नमुने दाबा, कणसासकट आणि बुडासकट. अडलं की पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत जाऊन वनस्पतिसंग्रहातल्या वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून बघा. एक दिवस तिथे बसल्याने जे कळतं ते महिनाभर फोटो पाठवून कळत नाही.

सुरुवात कुसळीपासून करा, कारण ती स्वतःच शिकवते. पिकलेल्या कुसळीचं एक कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. दोरखंडासारखं पीळ घातलेलं ते काळं कुसळ हळूहळू उलगडायला लागतं, टोक गोल फिरतं, आणि खालचं अणकुचीदार बी हाताच्या रेषेत शिरायला बघतं. पाऊस आणि ऊन आलटून पालटून आलं की हेच बी मातीत स्वतःला पेरतं. ठेलारी लोक कुसळी पिकण्याआधी तो माळ का सोडतात, तेही मग कळतं: ही कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतात.

जनावरांचं थोडक्यात. हंगाम चुकवू नका. हिवाळ्यात मध्य आशियातून माँटेग्यूचे भोवत्ये येतात, दिवसभर टोळ-नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतात जमिनीवर मुक्काम करतात. भर उन्हाळ्यात, तुम्हाला माळ मेलेला वाटतो तेव्हा, माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालून बसलेले असतात. म्हणून मे महिन्यात माळावर गाडी घालू नका. चिंकारा, खोकड, तरस यांच्या खुणा शिका, प्रत्यक्ष दर्शनाच्या मागे लागू नका. लांडगा थंडीत पिल्लं घालतो. त्याचं बीळ दिसलं तर लांबून नोंद करा आणि निघून या. बिळाचा स्थानबिंदू कुणालाही देऊ नका, फोटोग्राफर मित्राला तर मुळीच नाही. यात मी सूट देत नाही. दगड उलटताना काठी वापरा, माळावर फुरसं असतं. आणि मेंढ्यांच्या वाड्याजवळ जाताना लांबूनच हाक मारा, ठेलाऱ्यांची कुत्री ओळख विचारत नाहीत.

गाईडबद्दल. नाव मोठं असलेला गाईड मिळाला म्हणून हुरळू नका. एकच गोष्ट विचारा: सर किंवा मॅडम तुमच्याबरोबर शेतावर, माळावर एक तरी पूर्ण दिवस येणार आहेत का? नाही म्हणाले तर दुसऱ्या कुणाला तरी सहमार्गदर्शक करून घ्या. जळगावला आपल्या विद्यापीठात नोंदणी ठेवून बाहेरचा सहमार्गदर्शक घेता येतो का, ते सुरुवातीलाच लेखी विचारा. तीन दिवसांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं जमवणं हा वेळ घालवायचा चांगला मार्ग आहे, शिकायचा नाही. ड्रोन विकत घेण्याआधी पायात बरे बूट घ्या.

पुढे काय, हा प्रश्न घरून येणारच. वनरक्षक किंवा लोकसेवा आयोगातून वनक्षेत्रपाल हा रस्ता आहे, आणि गवत ओळखणारा वनक्षेत्रपाल आपल्याला हवाच आहे. धुळ्याजवळच्या लळिंगसारख्या कुरणाला तो मिळाला तर किती चांगलं होईल. शिकायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथे वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे. चाऱ्याकडे कल असेल तर झाशीची भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था, 1962 पासूनची. सल्लागार कंपन्यांत पगार लवकर मिळतो, पण एका भेटीवरून अहवाल लिहायला सांगतात. घर चालवायला तसं काम घ्यावं लागलं तर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त न पाहिलेली प्रजाती यादीत घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

मुलींना वेगळं सांगते. घरचे नको म्हणतील. आईला एकदा बरोबर न्या. माझ्या आईने एका वाड्यावर बसून ठेलारी बायांशी तासभर गप्पा मारल्या, घरी येऊन वडिलांना म्हणाली, "तिथे हिला आपल्यापेक्षा जास्त लोक ओळखतात." त्यानंतर विषय संपला. तरीही एकट्याने जाऊ नका. बरोबर गावातलं माणूस घ्या आणि त्याची मजुरी प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरा, उपकार म्हणून कुणाला नेऊ नका.

परवानगीचं काम आत्ताच सुरू करा. वनजमिनीसाठी उपवनसंरक्षकांचं कार्यालय, गायरानासाठी ग्रामपंचायत, वन्यप्राण्यांना हात लावणारं काही असेल तर नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक, वन्यजीव. अर्ज मराठीत, एका पानात, हद्दीच्या नकाशासह द्या आणि पोच घ्या. कागद हातात पडायला उन्हाळा जातो. गौरी-गणपती उरकले की माळावर कणसं यायला लागतात आणि दसऱ्यापर्यंत टिकतात. दिवाळीनंतर कुरणांची कापणी सुरू होते, मग ओळखायला नुसती धांडकं राहतात. त्या मधल्या आठवड्यांसाठी कॉलेजची रजा आजच टाकून ठेवा.